सलमाबाईंचं गाव सांगताना

निपाणीच्या आमच्या वाचनालयात चार माणसं चहाला जमली की कुणीतरी हमखास म्हणतं, "सलमाबाईंचं ते शालीचं आठवतंय का?" मग दुसऱ्याला तंबाखूचं आठवतं, तिसऱ्याला शेळीचं. चहा निवतो, पेपर कुणी उघडत नाही. बाई इथून परत जाऊन बराच काळ झाला, पण किस्से सरत नाहीत. उलट वाढतच चाललेत, आणि त्यातले काही तर घडलेच नव्हते, अशी माझी खात्री आहे! मी इथे फक्त डोळ्यांदेखत घडलेले सांगते.

सलमाबाई पॅलेस्टिनी. जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीत, नोकरी तिथल्याच शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलगा करीम बेळगावला इंजिनिअरिंगला होता, त्याच्यापाशी काही महिने राहायला आल्या होत्या. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आण्णा. घर आणि शेती बोरगावला, तंबाखूचा व्यापार निपाणीत. करीम त्यांच्या भाच्याचा वर्गमित्र, म्हणून आण्णांनी मायलेकरांना एकदा जेवायला बोलावलं.

जेवता जेवता बाईंनी आपल्या आईचं गाव सांगितलं. गॅलिलीतलं, डोंगरउतारावरचं. आई लहान असताना लढाई झाली, सगळं गाव घरं सोडून पळालं. पुन्हा कुणाला परत येऊ दिलं नाही, आणि मागे गावच पाडून टाकलं. ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं घरातलं शेवटचं माणूस म्हणजे आई, आणि आई आता विसरत चालली होती. "तिला आठवतंय तोवर मला ते जमेल तितक्या लोकांना सांगून ठेवायचंय," बाई म्हणाल्या.

आण्णांनी हात धुतल्या धुतल्या मला फोन लावला. "म्याडम, कॉलेजातनं रिटायर झालाय न्हवं? आता बाईंचं इंग्लिश मराठीत करायचं. गाडी माझी!"

मला विचारलंबिचारलं नाही. आण्णा कुणालाच विचारत नाहीत.

*

पहिला कार्यक्रम वाचनालयातच. बाई सुरेख बोलल्या. मीही बरी बोलले असं मला वाटत होतं. कार्यक्रम संपल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "मी तीन वाक्यं बोलले की तुम्ही बराच वेळ बोलत होता. मी एवढं सगळं बोलले होते का?"

मी म्हटलं, "मराठीत जरा जास्त जागा लागते."

मागून आण्णा म्हणाले, "मराठीत न्हाय, म्याडमना लागती!"

प्रश्नांच्या वेळी पहिला हात वर केला तो सदलग्याच्या एका आप्पांनी. आपल्याकडे पाहुणा दिसला की आधी गाव विचारायचं, मग तालुका. आप्पांनी तेच केलं. "बाईंच्या गावाला तालुका कंचा?"

मी शरमेने लाल झाले. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "तेव्हा होता एक. आता तो भाग दुसऱ्या देशात आहे."

आप्पांचा चेहरा उजळला. सीमाभागातला माणूस! "आमचंबी तसंच की! झोपलो एका राज्यात, उठलो दुसऱ्या. पर गाव हाय तिथंच हाय. तुमचं?"

"आमचं गाव तिथे नाही."

आप्पांनी मान हलवली. मग "मग आमचं काईच न्हाय म्हनायचं," असं म्हणून खाली बसले. 

*

आता शाली. आमच्या भागात व्याख्यात्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय सोडत नाहीत, मग ऊन कितीही असो. चार-पाच गावं झाल्यावर बाईंच्या बेळगावातल्या, खडेबाजारजवळच्या खोलीत शालींचा ढीग आणि नारळांची रास. करीमच्या मेसमध्ये रोज खोबऱ्याची चटणी सुरू झाली. बाईंनी मला काळजीने विचारलं, "मी उपाशी दिसते का यांना?"

चिकोडीला त्यांनी यावर तोड काढली. तिथे मी मराठीत सांगायची आणि माझ्यामागून आण्णा कन्नडमध्ये. एका वाक्याला तीन भाषांचा प्रवास! बाई म्हणाल्या, "शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत माझं गाव शिल्लक राहतं ना?" आणि बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "आता ज्या बायकांनी मागे चहा-उप्पीट केलं, त्यांना स्टेजवर बोलवा."

बायका पदर तोंडाला लावत आल्या. बाईंनी पिशवीतून एकेक शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वागताध्यक्षांच्या बायकोला शाल मिळाली तशी तिने ती उलटसुलट करून पाहिली, कोपऱ्यातला डाग पाहिला, आणि माइक समोर आहे हे विसरून नवऱ्याला म्हणाली, "आवो, ही तर आपल्याच कपाटातली!"

स्वागताध्यक्षांनी ती निपाणीच्या कुणाला दिलेली, त्याने आण्णांना, आण्णांनी बाईंना. शाल फिरून घरी आली होती. बाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग म्हणाल्या, "नशीबवान शाल."

*

प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी बाई लेबनॉनला आईला व्हिडिओ कॉल करायच्या आणि गावातली एक गोष्ट विचारून घ्यायच्या. आज अंगण, उद्या विहीर. मिळेल ते त्या दिवशी लोकांना सांगायचं, अशी रीत.

खानापूरकडच्या एका गावात एक शेतकरी उठला. हा गडी आधीचाही कार्यक्रम ऐकून आला होता. "म्याडम, परवा अंगणात अंजीर हुतं. आज तुती कशी काय झाली?"

 आपल्याकडे लोक काहीही विसरतील, झाड विसरत नाहीत. बाई खोटं बोलत नव्हत्या, पण आता काय सांगायचं? बाईंनी सरळ सांगितलं, "आईला परवा अंजीर आठवलं होतं. आज तुती आठवली. खरं कुठलं, मला माहीत नाही. मी ते अंगण पाहिलेलं नाही."

 तो शेतकरीच ओशाळला बिचारा. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे की मग दोन्ही. अंगणात दोन झाडं मावत्यात!"

तेव्हापासून बाई दोन्ही झाडं सांगू लागल्या.

*

त्याच गावात एका शिक्षकांनी विचारलं, "घराची किल्ली जपून ठेवली असेल ना तुमच्याकडे?" पॅलेस्टिनी निर्वासित सोडलेल्या घरांच्या किल्ल्या जपतात, असं कुठेतरी वाचलं होतं त्यांनी.

"किल्ली नाही," बाई म्हणाल्या. "आजोबांनी कुलूप लावलंच नव्हतं. दोन दिवसांत परत यायचं म्हणून निघाले होते. कुलूप लावलं तर शेळी आत-बाहेर कशी करणार?"

लोक हळहळले. पण मागच्या रांगेतली एक बाई, मांडीवर नातवंड, तिने तिथूनच विचारलं, "मग शेळीचं काय झालं?"

मी भाषांतर केलं. सलमाबाई बघतच राहिल्या. इतक्या देशांतल्या इतक्या लोकांना त्यांनी ही गोष्ट सांगितली होती, युद्धाचं विचारलं होतं सगळ्यांनी, शेळीचं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे, स्टेजवरून, आईला फोन लावला.

आईचा चेहरा पडद्यावर आला. बाईंनी विचारलं. म्हातारी आधी कपाळाला आठ्या घालून बसली आणि मग एकदम हसायला लागली. हसता हसता ओरडली, "झरीफा!"

शेळीचं नाव. लेकीलाही ते माहीत नव्हतं! शेळीचं पुढे काय झालं ते मात्र म्हातारीला सांगता आलं नाही. मागच्या रांगेतल्या बाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "गाभण असंल बगा. म्हनून ठेवली मागं."

*

आण्णांनी एकदा बाईंना आपलं तंबाखूचं गोडाऊन दाखवायला नेलं. आत पाऊल टाकलं की नवा माणूस शिंकतो. आण्णांना ती मजा बघायची होती. बाई शिंकल्या नाहीत. त्यांनी एक पान उचललं, हुंगलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आईच्या गावातही तंबाखू व्हायचा, त्या म्हणाल्या. पोरी पानं दोऱ्यात ओवून वाळत घालायच्या.

आण्णा लहान पोरासारखे हुरळले. "लावा फोन आईला!" फोन लागला तसं एक पान त्यांनी कॅमेऱ्यासमोर नाचवलं.

म्हातारीने डोळे बारीक करून पान पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. हा कसला तंबाखू? फार जाड!

बाईंनी इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत. आण्णांना झोंबलं! "त्यांना सांगा म्याडम, ह्यो बिडीचा हाय, हुक्क्याचा न्हाय! निपाणीचा माल हाय म्हनावं!" मी इंग्रजीत सांगितलं, बाईंनी अरबीत. म्हातारी तिकडून तावातावाने, आण्णा इकडून. मध्ये आम्ही दोघी दमलो.

शेवटी म्हातारीने लेकीला विचारलं, "हा भांडकुदळ कोण गं? खालच्या आळीतला का?"

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी मला ते इंग्रजीत सांगितलं. आईला वाटत होतं, लेक गावातच उभी आहे.  मी आण्णांना अर्थ सांगितला. आण्णांनी टोपी सरळ केली, फोनसमोर हात जोडले आणि म्हणाले, "व्हय म्हनून सांगा. खालच्या आळीतलाच हाय."

आण्णांसारखा हटवादी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्या दिवसापासून त्यांचे सगळे हट्ट मी माफ केले.

*

बेळगावच्या शेवटच्या कार्यक्रमाच्या सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणे फोन लावला. आईने विचारलं, "कुठलं गाव?"

बाईंनी गावाचं नाव सांगितलं. आईने पुन्हा विचारलं, "कुठलं गाव?"

मी म्हटलं, कार्यक्रम रद्द करू. बाई नको म्हणाल्या. संध्याकाळी उभ्या राहिल्या, गावाच्या रस्त्यापासून सुरुवात केली, दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. हॉल भरलेला. 

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आण्णांचा आवाज आला, "रस्त्यानंतर चढ!"

"चढ न्हवं, आदी विहीर!" मागून कुणीतरी ओरडलं. निपाणीहून दोन गाड्या भरून मंडळी आली होती, त्यांना सगळं पाठ. खानापूरचा शेतकरी उठून म्हणाला, "अंगणात अंजीर आनि तुती." मग विहिरीवरून आणि चढावरून जी जुंपली! बेळगावचे लोक बघतच राहिले. ज्यांनी बाईंचं गाव जन्मात पाहिलं नाही, ती माणसं त्या गावचा रस्ता एकमेकांना चुकीचा ठरवत होती.

बाईंनी टेबलावर हात टेकले, सगळ्यांकडे पाहिलं. मग माइकवर म्हणाल्या, "आधी विहीर. आण्णा, तुम्ही चुकलात."

आण्णा अजून मानत नाहीत.

*

जायच्या आदल्या दिवशी बोरगावला आण्णांच्या घरी जेवण होतं. बाई फारसं बोलत नव्हत्या. त्या आठवड्यात आईने त्यांचाही आवाज ओळखला नव्हता, शेजारची मुलगी समजून बोलली होती. "मी घरी पोचेन," बाई मला म्हणाल्या, "पण तिथे आता मला काही सांगणारं कुणी नसेल."

निघताना आण्णांच्या बायकोने, पद्मावहिनींनी, पाट मांडला. म्हणाल्या, "लेकीची ओटी भरल्याबिगर कशी लावून देऊ?" मी जरा चाचरले. "त्यांच्यात चालतं का, विचारते." वहिनींनी मला गप्प केलं. "कुंकू न्हाय लावत. तांदूळ-नारळ कुनाला चालत न्हाय?"

मी बाईंना सांगितलं, माहेरून निघालेल्या मुलीला असं देतात. बाई पाटावर बसल्या. पदर नव्हता, म्हणून झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पसरला. वहिनींनी खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळी भरून तांदूळ घातले. मग पत्र्याचा डबा उघडून पुढे धरला.

"आता ह्यातलं मूठभर माहेरच्या घरात माघारी टाकायचं. माहेर भरल्यालं ऱ्हावं म्हनून."

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी ओटीतून मूठ भरली, डब्यावर हात नेला, आणि हात तसाच राहिला. मूठ उघडेना.

बाहेर आण्णांनी हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. वहिनींनी त्या मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.  त्यांनी स्वतःच बाईंच्या ओटीतून दुसरी मूठ घेतली, आपल्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. मग खणाचा कोपरा उलगडून बाईंच्या मुठीखाली धरला. बाईंनी मूठ त्यात सोडली. वहिनींनी घट्ट गाठ मारली.

बाईंनी मला विचारलं, "हे किती दिवस टिकेल?"

मी वहिनींना विचारलं.

"कोरडं ठेव म्हनावं," वहिनी म्हणाल्या. "तांदूळ जुना हुईल तसा चांगलाच हुतोय."