डबीरबाईंचा उजवा खांदा

डबीरबाई प्रार्थनेच्या वेळी रांगेच्या मागून फिरत. हातात छडी नसे, तिची गरजच पडत नसे. ज्या मुलीचे खांदे वर चढलेले दिसत, तिच्या मागे येऊन त्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन बोटं टेकवत आणि हळूच खाली दाबत. "खांदे खाली. कानाले काहून लावून राहिली?" एवढंच. मग ती मुलगी दिवसभर सरळ बसे. रायपूरच्या आमच्या मराठी शाळेत बाई भूगोल आणि पीटी शिकवत. भूगोल मी केव्हाच विसरले. ती बोटं मात्र अजून खांद्यावर आहेत.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले. रायपूरच्याच समता कॉलनीतल्या दवाखान्यात आम्ही शिक्षकांचे खांदे तपासायचं काम काढलं होतं. फळ्यावर लिहिताना हात वर्षानुवर्षं वर राहतो, त्याचं मानेला आणि खांद्याला काय होतं ते बघायचं होतं. त्यासाठी ईएमजीचं यंत्र आणलं. मानेच्या बुडाशी कातडीवर छोट्या पट्ट्या चिकटवायच्या, की आतला स्नायू किती राबतोय ते पडद्यावर रेघ होऊन दिसतं. राबत असेल तर रेघेला काटे फुटतात, विसावला असेल तर ती गप आडवी पडते. दुखत नाही, शॉक बसत नाही. हे सगळ्यांना एकदा सांगावं लागतं, शिक्षकांना पुन्हा पुन्हा.

बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. उजवा हात वर जाईना म्हणून आल्या. आल्या आल्या आधी माझे खांदे दाबले, मग खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, लाव काय लावायचं ते.

सुरुवातीला नुसतं स्वस्थ बसायचं असतं, हात मांडीवर ठेवून. ती विश्रांतीची रेघ मिळाली की मग पुढचं. बाई स्वस्थ बसल्या. पडद्यावर काटेच काटे. मी पट्ट्या बदलल्या, तरी काटे. शेवटी मी त्या स्वतःला लावून पाहिल्या, तर रेघ मस्त आडवी.

मशीन बिघडली असेल, असं बाईंचं मत पडलं. मी माझी रेघ दाखवली. त्यावर त्या म्हणाल्या की तू वर्गातसुद्धा झोपलेलीच असायची, तुझं काय घेऊन बसली.

मशीन ठणठणीत होती. शाळेभरच्या पोरींचे खांदे उतरवणाऱ्या बाईंना स्वतःचा खांदा उतरवता येत नव्हता, आणि तो चढलाय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, हा स्नायू बसल्या जागी विसावायला शिकला नाही तर दुखणं जाणार नाही, हात मात्र जाईल. आणि हात गेला तर बाईंचं सगळंच अडणार होतं. बूढापाऱ्यातल्या घरी मागच्या खोलीत त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. सासूबाईंना उचलून बसवणारा हात हा एवढाच.

"म्हणजे मले आराम कराले शिकनं आहे," बाई म्हणाल्या, "उचलाचं काम चालू राहावं म्हणून."

मी हो म्हटलं. ऐकायला कसंही वाटो, उपचार तोच होता. पडद्यावरची रेघ बघत बघत ती खाली आणायची.

बाईंनी ती परीक्षाच धरली. शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून त्या वेळेवर येत, अभ्यास करून येत. शवासन करून पाहिलं. डोळे मिटून पाहिले. नामस्मरण केलं, त्यानं काटे वाढले. जन्मभर दुसऱ्यांना नापास करणारी बाई, निघताना रोज विचारायची, "आजही नापासच ना मी?" मी म्हणायचे, उद्या बघू.

एकदा जमत आलं होतं. रेघ हळूहळू खाली येत होती, मी खुर्चीसुद्धा हलवत नव्हते. तेवढ्यात आमचे मदतनीस साहू भैया चहा घेऊन आले आणि त्यांनी स्टीलचा ग्लास ट्रेमध्ये ठेवला. ठण्ण. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन थडकली आणि बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. घरी काही हवं असलं की सासूबाई पलंगाच्या दांडीवर स्टीलचा ग्लास आपटत, हे तेव्हा मला कळलं.

बाई पुन्हा बसल्या. पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "हा खांदा नाही वं, हा कान आहे माझा."

मी सुचवलं, एखादी आया ठेवा. ठेवली होती म्हणे. सासूबाई दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत. मला जरा रागच आला त्या म्हातारीचा, आणि तो तोंडावर दिसला असावा. बाईंनी मग सांगितलं की लग्नानंतर त्यांनी बीएडचं नाव काढलं तेव्हा घरातले सगळे पुरुष आडवे आले होते. सासूबाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी चूल पेटवणं बंद केलं.

"माझ्यापायी अख्खं घर उपाशी ठेवलं त्या बाईनं. मले त्यांचा राग नाही येत. नुसती थकून जातो मी."

हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मी भेटायला गेले तर बायका आपसात म्हणत होत्या, सुटल्या बिचाऱ्या. सासू की सून, ते कोणी स्पष्ट करत नव्हतं. बाईंनी ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, कोण सुटलं? सगळ्या चहा पिऊ लागल्या.

तेरवी झाल्यावर बाई दवाखान्यात आल्या. मी म्हटलं होतं, घाई नको. त्या म्हणाल्या, परीक्षा अर्धी सोडायची नसते. पट्ट्या लावल्या. काटे होते, नेहमीसारखे. तेवढ्यात साहू भैयांनी ग्लास ठेवला. ठण्ण.

रेघ उसळली. बाई अर्ध्या उठल्या. आणि तशाच थांबल्या. हाक मारणारं कोणी नव्हतं. त्या सावकाश खाली बसल्या, आणि रेघ खाली येऊ लागली. येतच राहिली. एकेक काटा गळाला आणि ती आडवी पडली, अगदी पुस्तकात काढतात तशी.

बाईंनी ती पाहिली आणि त्या रडू लागल्या. खरं रडणं होतं ते, पोटातून आलेलं. प्रत्येक हुंदक्याला पडद्यावर एक काटा उठे आणि रेघ पुन्हा आडवी होई. मला खूप वाईट वाटत होतं, आणि तशी सुंदर रेघ मी त्याआधी कोणाची पाहिली नव्हती.

"पास झाली?" त्यांनी विचारलं.

"झालात बाई."

"लोक म्हणतीन, सासू मेली अन् हिचा खांदा उतरला."

मी म्हटलं, यंत्राला कारण कळत नाही.

"मले कळते ना," बाई म्हणाल्या. डोळे पुसले. "मी आहो तोवर हे कोणाले सांगू नको."

मी कबूल केलं. बाई मागच्या वर्षी गेल्या, म्हणून आज सांगते आहे.

त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे न बघता मी पट्ट्या काढल्या, वायरी गुंडाळत बसले. बाई उठल्या. उजव्या हातानं पदर खांद्यावर घेतला आणि माझ्या मागे आल्या. दोन्ही खांद्यांवर दोन-दोन बोटं टेकली.

"खांदे खाली, अनघा."

तेव्हा मला कळलं, माझे कानाला लागले होते.