भोपळ्या कोणाचा

ताईने कुत्रं मागितलं नव्हतं. तिच्या खोलीत शिवणयंत्र, पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे आणि सोफ्यांची अर्धवट शिवलेली कव्हरं यांतून वाट काढतानाच तिची तारांबळ उडायची. पण एका संध्याकाळी धाकटी बस-डेपोतून आली ती गणवेशाच्या जाकिटात काहीतरी गुंडाळूनच. डेपोच्या पहारेकऱ्याच्या लॅब्रेडॉर कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं बिस्किटाच्या रंगाचं हे एक. पोट इतकं गोल, की चालताना जमिनीला टेकायचं. म्हणून नाव पडलं भोपळ्या.

"मी सांभाळीन त्याला," धाकटी म्हणाली.

"तू बस चालवशील की याला सांभाळशील?" ताई म्हणाली, आणि जुनी चादर शोधायला उठली.

व्हायचं तेच झालं. धाकटी सकाळी बस घेऊन जायची आणि दिवसभर भोपळ्याची सगळी उस्तवार ताईकडे. त्याचं खाणं कोमट पाण्यात भिजवून चार वेळा द्यायचं. खाल्लं की अंगणात न्यायचं, झोपून उठला की पुन्हा न्यायचं, आणि तरीही तो आत येऊन बरोबर नव्या कापडावरच बसायचा. दात यायला लागले तेव्हा त्याने टेबलाचा पाय कुरतडला. मग ताई फडक्याला गाठी मारून, ते भिजवून फ्रीजमध्ये ठेवायची आणि गार झालं की चावायला द्यायची. लशी तिनेच टोचून आणल्या, कान तिनेच पुसले. 'बस' म्हटलं की बसायचं, हेही तिनेच शिकवलं.

आणि संध्याकाळ झाली की हा पठ्ठ्या उठून दाराशी.

फाटक वाजायच्या कितीतरी आधी त्याचे कान उभे राहायचे. धाकटी आत पाऊल टाकते न टाकते तोच तो तिच्या अंगावर, तिच्या बुटांवर, तिच्या मानेत. धाकटी जमिनीवर लोळायची, तो तिच्यावर लोळायचा. ताई यंत्रावरची मान वर करायची नाही, पण तिची शिवण हटकून वाकडी जायची.

हे असं दाराकडे डोळे लावून बसणं ताईने आधीही पाहिलं होतं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिला कूस बदलून द्यायची ताई, घास भरवायची ताई, आणि आई दर थोड्या वेळाने विचारायची, "धाकटी आली का गं?" ताईने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पोटात मात्र ते तसंच राहिलं होतं.

तिने आपल्या परीने डाव टाकायला सुरुवात केली. धाकटीच्या घरातल्या चपला कपाटात वर टाकल्या, म्हणजे दिवसभर त्यांचा वास नको. संध्याकाळी मुद्दाम लांब फिरवून आणायची, म्हणजे धाकटी येईल तेव्हा तो दमून झोपलेला असेल. "उठवू नकोस, आत्ताच डोळा लागलाय त्याचा," असं ती सांगत असतानाच तो टुणकन उठून दाराकडे धावायचा. शेवटी तिने उकडलेली अंडी काढली. दुपारी यंत्र थांबवायचं, अंडं सोलायचं आणि तुकडा तुकडा हातावरून भरवायचा. तेवढा वेळ तो तिच्याकडे असा बघायचा, की जगात दुसरं कोणी नाहीच.

सहाव्या महिन्यात भोपळ्या लंगडायला लागला.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, मागचे पाय दाबून पाहिले आणि चष्मा काढला. "हाडं अजून कोवळी आहेत आणि वर हे ओझं. लॅब्रेडॉरला पोट भरल्याचं कळत नाही, ते आपण कळून घ्यायचं असतं. जेवण सोडून याला कोण काय देतं?"

मग धाकटी हळूच म्हणाली, "मी देते. येताना बिस्किटं आणते खिशातून. दारातच देते, ताईला दिसणार नाहीत अशी."

ताईला एकदम हलकं वाटलं. म्हणजे ते दाराशी बसणं बिस्किटांसाठी होतं तर. ती धाकटीला चांगलंच सुनावणार होती, एवढ्यात डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

"उकडलेली अंडी," ती म्हणाली. "रोज दोन. कधी तीन."

घरी येताना दोघी भोपळ्याला सावकाश चालवत होत्या. कोपऱ्यावर तो टेकला, तशा त्याही थांबल्या.

"दिवसभर तुझ्यापाशी असतो," धाकटी म्हणाली. "मला वाटायचं, काही आणलं नाही तर ओळखणारसुद्धा नाही मला."

"आईला पण बिस्किटं द्यायचीस का?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

धाकटीला ते लगेच समजलं, त्यावरून ताईला कळलं की हे तिलाही ठाऊक होतं. "आईला मी बाहेरच्या गोष्टी सांगायचे," ती म्हणाली. "बसमध्ये कोण भांडलं, कोण रडलं. तू काय सांगणार? तू तर तिच्यापाशीच असायचीस."

ताईने दोरी ओढली. "चल रे, ऊठ."

खाणं मोजून सुरू झालं. मधे भूक लागली तर गाजर. भोपळ्याने तोंड फिरवलं, मग निमूटपणे गाजरं खाल्ली. एकमेकींवर मात्र दोघींचा विश्वास नव्हता. ताई धाकटीच्या जाकिटाचे खिसे चाचपायची, धाकटी फ्रीज उघडून अंडी मोजायची. दोघींनाही ते माहीत होतं. हळूहळू तो सडसडीत झाला आणि त्याचं लंगडणं थांबलं.

पण बिस्किटं बंद झाली तरी संध्याकाळी तो दाराशी बसायचा थांबला नाही. हे ताईला सगळ्यात जास्त लागलं. बिस्किटांचं असतं तर ती समजू शकली असती.

पुढे एका मोठ्या घराच्या पडद्यांचं काम आलं. गिऱ्हाईकाने माप घ्यायला घरीच यायचा आग्रह धरला. ताई अशी कामं एरवी नाकारायची. त्या दिवशी धाकटीची सुटी होती म्हणून ताई गेली. खिडक्या पुष्कळ निघाल्या, मालकीणबाईंचं मन ठरेना, आणि परतायला संध्याकाळ झाली.

फाटकाची कडी काढली तर आतून दारावर नखं घासल्याचा आवाज. दार उघडताच भोपळ्या तिच्या पोटावर आदळला. शेपटी नव्हे, अख्खा कुत्राच हलत होता. त्याने तिचा हात तोंडात धरला, सोडला, पुन्हा धरला आणि आनंदाच्या भरात तिच्या चपलेवर थोडी लघवीही केली. ताई पिशवी खांद्याला तशीच ठेवून खाली बसली. तो तिच्यासाठी कधी दाराशी आला नव्हता, कारण ती त्याला सोडून कधी बाहेर गेलीच नव्हती.

मागे धाकटी हाताची घडी घालून उभी होती. "दुपारपासून इथेच बसलाय. हाका मारल्या, चेंडू आणला. माझ्याकडे बघायला तयार नाही."

तिचा तो ओठ आवळलेला चेहरा ताईला ओळखीचा वाटला. इतके महिने आपलं तोंड कसं दिसत असेल, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. तिने बहिणीला जवळ घ्यायला हवं होतं, निदान काही बरं बोलायला हवं होतं. तिने भोपळ्याच्या मानेत तोंड खुपसलं, ते हसू दिसू नये म्हणून.

तेव्हापासून धाकटीच्या प्रत्येक सुटीला ताई माप घ्यायला बाहेर पडते. काही वेळा माप घ्यायचं नसतंच. ती तशीच दोन गल्ल्या हिंडते, बाकावर बसून राहते आणि चांगला उशीर झाला की घरी निघते.