अप्पांच्या सुनेचा लॅपटॉप

लॅपटॉप खोलून परत बसवला की एखादा स्क्रू उरतोच. कुठला होता, कुणाच्या मशीनमधला होता, कुणालाच सांगता येत नाही. आणि मशीन तर चालू झालेली असते! परळीत स्टेशन रोडला माझं आणि सलीमभाईचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथं असल्या उरलेल्या स्क्रूंनी लोणच्याची एक बरणी भरलीय. किश्शांचंही तसंच. गिऱ्हाईक मशीन घेऊन जातं, किस्सा आमच्याकडं राहतो.

एका मशीनमागं एखादा किस्सा, हा आमचा साधारण हिशोब. पण मन्मथअप्पांच्या सुनेच्या लॅपटॉपनं एकट्यानं मूठभर दिले. चहाला चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "बालाजी, अप्पांचं सांग की." मी आधी नाही म्हणतो, कारण त्यात माझीच फजिती आहे. मग सांगतो.

\*

अप्पांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भुसार मालाचं दुकान. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि आवाज असा की मोंढ्यात बोलले तर स्टेशनवरचा हमाल मागं वळून बघेल! एके सकाळी ते लॅपटॉप शालीत गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून आले.

"बालाजी, ह्याला फिट येती बे!"

"फिट?"

"मंग काय! चांगला चालू असतो. सूनबाईची मिटिंग सुरू होती, समद्यांची तोंडं दिसायलीत, अन् हा निळा पडतो. मंग काळा. मंग आपला आपण उठून बसतो, जसं काय झालंच न्हाई!"

सून म्हणजे पल्लवी. पुण्याच्या एका कंपनीत कामाला. नवरा परळीतच शाळेवर शिक्षक, म्हणून तिनं घरून काम करायची परवानगी मागितली होती. कंपनीनं एक महिना दिला. अट एकच, मिटिंगमध्ये कॅमेरा चालू दिसला पाहिजे. महिना नीट गेला तर कायम परळीहून काम, नाहीतर परत पुण्याला. आणि पल्लवी गेली की पाच वर्षांची गौरी तिच्याबरोबर जाणार. गौरी म्हणजे अप्पांची एकुलती एक नात. रोज संध्याकाळी दुकानात पोत्यांवर चढून बसते आणि आजोबांच्या गिऱ्हाइकांना भाव सांगते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी अप्पा एवढंच म्हणाले, "पोरगी जाईल बे." तो मोठा आवाज एकदम बारीक झाला.

लॅपटॉप टेबलावर ठेवला. त्यातलाच कॅमेरा सुरू केला, समोर सलीमभाईला बसवलं. तीन तास! स्क्रीनवर सलीमभाईचं तोंड, स्टुलावर अप्पा राखणीला. निळं नाही की काळं नाही. शेवटी सलीमभाई म्हणाला, "अप्पा, मशीन ठणठणीत आहे. माझीच मान गेली."

अप्पा खूश होऊन घरी गेले. चार वाजता फोन आला.

"आली फिट!"

\*

परळीत कशाचंही निदान राखेपासून सुरू होतं. खोकला झाला, राख. गाडी सुरू होईना, राख. सासू-सुनेचं पटेना, तरी कुणीतरी थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, चिमणीकडं बोट दाखवणारच!

दुसऱ्या दिवशी सलीमभाईनं लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाला, "हे बघा अप्पा. पंख्यात सगळी राख!" त्यानं ब्लोअर उचलला. वारा कुठल्या बाजूला जाणार आणि अप्पा कुठल्या बाजूला बसलेत, एवढंच बघायचं राहिलं.

ब्लोअर बंद झाला. धोतर, सदरा, मिशा, सगळं एका रंगाचं. मी डोळे मिटून घेतले. आता ऐकून घ्यावं लागणार!

अप्पांनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सलीम," ते म्हणाले, "भस्म मी सकाळीच लावलतं की रे. एवढं कावून?"

त्या दुपारी परत फिट आली.

\*

मग मी म्हटलं, आता फॉरमॅट. अप्पांना फॉरमॅट म्हणजे काय ते समजावून सांगितलं, की आतलं सगळं काढायचं, साफ करायचं आणि नव्यानं भरायचं.

"म्हंजी पोतं झटकून परत भरायचं."

"अगदी बरोबर."

"मंग पयल्या दिवशीच कावून न्हाई झटकलं?"

मी पेनड्राइव्ह शोधायला लागलो. गौरीचे फोटो आधी पेनड्राइव्हवर घेतले. ते नीट आलेत का हे अप्पांनी एकेक उघडून बघितलं. ह्यात सकाळ गेली, कारण प्रत्येक फोटोमागं एक हकीकत होती आणि ती आम्ही ऐकायची होती. मग फॉरमॅट केला. रॅम बदलली. संध्याकाळपर्यंत चालवून बघितला. मशीन नव्या नवरीसारखी गुमान बसलेली.

दुसऱ्या दिवशी अप्पा दारातूनच ओरडले, "पोतं झटकलं बे, पर भोक तसंच हाय!"

\*

इथवर दुकानाची अक्कल चालली. आता घरच्यांची सुरू झाली.

अप्पांचं म्हणणं, करंट पुरत नाही. पल्लवीचे साहेबही प्रत्येक वेळी तेच विचारायचे, "पल्लवी, तुमच्याकडं लाईट गेली का?" ह्याचा अप्पांना भयंकर राग. "वीज आमच्या गावात तयार होती, अन् हेच आमाला इचारायलेत!" पण मनात कुठंतरी त्यांनाही शंका होतीच. म्हणून त्यांनी फर्मान काढलं की मिटिंग चालू असताना घरात फ्रिज बंद, टीव्ही बंद, मिक्सर बंद.

काकू म्हणजे अप्पांच्या मालकीणबाई. त्या कुणाच्या फर्मानानं थांबणाऱ्या नव्हेत. मिक्सर बंद म्हणताच त्यांनी उखळ काढलं आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या. इकडं मिटिंग रंगात आलेली.

साहेबांनी कान टवकारले. मग म्हणाले, "पल्लवी, तुमच्याकडं बांधकाम चालू आहे का?"

पल्लवी उत्तर देणार, तेवढ्यात स्क्रीन निळा. तिनं मला नंतर सांगितलं, "दादा, आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं की बंद पडला!"

मग काकूंनी आपला उपाय काढला. टेबल दक्षिणेला तोंड करून आहे, ते पूर्वेला फिरवा. फिरवलं. आणि काय सांगू, त्या दिवशीची मिटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुखरूप पार पडली! अप्पा पेढे घेऊन दुकानात हजर. सलीमभाईनं दोन खाल्ले. मी माझा कागदात गुंडाळून ठेवला. बारा वर्षं ह्या धंद्यात घालवली आणि काकूंनी टेबल फिरवून मशीन दुरुस्त केली! लाज वाटली, आणि थोडा रागही आला, उगीच का खोटं बोलू?

पण पूर्व दिशेनं एकच दिवस साथ दिली. दुसऱ्या दिवशी परत निळा.

\*

महिना संपत आला. साहेबांचा निरोप आला, की शुक्रवारच्या मिटिंगमध्ये कॅमेरा टिकला नाही तर सोमवारपासून ऑफिसला हजर राहा. पुण्याला न्यायचे म्हणून काकूंनी गौरीचे स्वेटर उन्हात टाकले. अप्पा दुकानात आले, स्टुलावर बसले आणि लॅपटॉपची ती शाल मांडीवर घेऊन तिची घडी घालत, मोडत राहिले.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. खरं म्हणजे हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. पण आमच्यात एक गुर्मी असते, की आजारी मशीननं आमच्या दारात यायचं.

टेबलावर बघतो तर मोठा स्क्रीन, कीबोर्ड, वर सुंदर कॅमेरा, आणि त्या सगळ्यांच्या वायरी एका काळ्या डबीत गेलेल्या. डबीतून एकच वायर लॅपटॉपला.

"हे काय?"

"ती व्हय?" अप्पा म्हणाले. "डॉक म्हणत्यात तिला. समद्या वायरी तिच्यात खुपसायच्या, तिची एक ल्यापटॉपात. कंपनीनं धाडली. कॅमेरा बी कंपनीचाच, ल्यापटॉपातल्यात तोंड नीट दिसत न्हाई म्हणून."

"अप्पा, तीन आठवडे झाले! ही दुकानात आणायची नाही का?"

"कशी आणावी?" अप्पांचा आवाज परत मोंढ्याएवढा झाला. "तुमच्याच दुकानात ह्या एवढ्या अक्षरात बोर्ड हाय की! 'वायर, चार्जर व इतर सामान सोबत आणू नये. हरवल्यास आम्ही जबाबदार नाही.'"

तो बोर्ड माझ्याच हातचा. लाल रंगात. खाली रेघसुद्धा ओढलेली!

पल्लवी म्हणाली, "मला एकदा वाटलं होतं, दादा. टेबल फिरवलं त्या दिवशी डॉकची वायर विजेच्या बोर्डापर्यंत पुरली नाही, म्हणून मी नुसत्या लॅपटॉपवर, त्याच्याच कॅमेऱ्यानं मिटिंग केली. पण त्याच दिवशी फ्रिज बंद, टीव्ही बंद, मोबाईलचं नेट आणि वर पूर्व दिशा. कशामुळं चाललं, काय कळणार? दुसऱ्या दिवशी गौरीच्या बाबांनी लांब वायर आणून दिली."

मी सगळ्या वायरी उपसल्या आणि एकेक परत लावत गेलो. डबीत स्क्रीन लावला, चालू. कीबोर्ड लावला, चालू. नेटची वायर लावली, चालू. कॅमेरा लावला, सुरू केला, आणि सातआठ मिनिटांत निळा! मग तोच कॅमेरा डबी सोडून सरळ लॅपटॉपला लावला. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास गेला. परत डबीत लावला, परत निळा.

"कॅमेऱ्यात खोट नाही, लॅपटॉपमध्ये नाही," मी म्हणालो. "डबीसुद्धा बाकी सगळं चालवते. फक्त कॅमेरा डबीतून गेला की बिनसतं."

"म्हंजी दोघं भाऊ चांगले, पर एका चुलीवर न्हाई नांदत," अप्पा म्हणाले. "मंग वायलं ठेव की बे त्यांना!"

तरी त्यांनी माझ्याकडून तोच प्रयोग आणखी सहा वेळा करून घेतला. सातव्या वेळी मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या हातानं केला.

\*

शुक्रवारी अकराची मिटिंग. मी आणि सलीमभाई दुकानाला कुलूप लावून अप्पांच्या बैठकीत. कॅमेऱ्याची वायर सरळ लॅपटॉपात, आणि वायर आखूड असल्यामुळं कॅमेरा टेबलाच्या कडेला. त्यातून पल्लवी अर्धी दिसत होती आणि तिच्यामागं भिंतीला टेकून बसलेले आम्ही सगळे पूर्ण! मी, सलीमभाई, काकू, मांडीवर गौरी, आणि मधोमध इस्त्रीच्या धोतरात अप्पा. कुणी हलत नव्हतं.

वीस मिनिटं गेली. पल्लवी काम समजावून सांगत होती, साहेब मान डोलवत होते. पंचविसाव्या मिनिटाला साहेब म्हणाले, "ठीक आहे पल्लवी, तर मग तुमचं असं ठरवू या की..."

आणि स्क्रीनवर साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग तो चौकोन काळा झाला.

काकूंनी गौरीला घट्ट धरलं. गेलं सगळं! मी उठणार, तेवढ्यात बघितलं तर पल्लवीचा चौकोन चालू होता. बाकीच्यांचेही चालू होते. गेला होता तो साहेबांचाच.

दोन मिनिटांनी साहेब मोबाईलवरून आले, नुसता आवाज. "सॉरी. आज मी घरून काम करतोय, कंपनीचा कॅमेरा आज पहिल्यांदाच लावला. लॅपटॉप एकदम निळा झाला. काय झालं कळत नाही."

आणि माझ्या शेजारून मोंढ्याचा आवाज निघाला.

"साहेब, कॅमेऱ्याची वायर काळ्या डबीत हाय का?"

"कोण बोलतंय?"

"मी पल्लवीचा सासरा. आधी सांगा, डबीत हाय का?"

"हो... डॉकमध्ये आहे."

"उपसा ती! घाबरू नका, काय व्हत न्हाई. उपसली? आता सरळ ल्यापटॉपाच्या बाजूला बारीक फट हाय, तिच्यात घाला. न्हाई जात? उलटी करा. आता गेली? करा चालू."

पल्लवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मिटिंगमधली बाकीची मंडळी स्क्रीनजवळ सरकली होती. साहेबांचा चौकोन उजळला. केस विस्कटलेले, हातात वायर धरून ते टेबलाखालून वर येत होते.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. चौकोन टिकला. साहेब हसायला लागले.

"पल्लवी, तुम्ही तिकडूनच काम करा. कायमचं. कॅमेऱ्यावरून आता मी कुणाला बोलणार नाही."

पल्लवी एकामागून एक थँक यू म्हणत सुटली. काकूंनी पदरानं डोळे पुसले. सलीमभाईनं माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

"पण काका," साहेब म्हणाले, "एक पंचाईत आहे. ही डबी आम्ही ऑफिसात नुकतीच सगळ्यांनाच दिलीय. आता त्या सगळ्यांचं काय करायचं?"

अप्पांनी क्षणभरही विचार केला नाही.

"त्यात काय! लावून द्या की समद्यांना इकडं. माडीवरच्या दोन्ही खोल्या रिकाम्याच हायत!"