शून्य कुठे धरलंस?

सामंत सर कुणाचंही उत्तर ऐकण्याआधी विचारत, "शून्य कुठे धरलंस?" परळच्या आमच्या कॉलेजात ते अणुभौतिकी शिकवत. स्थितिज ऊर्जेचं शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवायचं. पण एकदा धरलं की गणित संपेपर्यंत हलवायचं नाही. ते स्वतः शून्य नेहमी अनंतावर धरत. "म्हणजे अणूत अडकलेला इलेक्ट्रॉन ऋण. खड्ड्यात. तुमच्यासारखा."

मी भूम गावाहून आलेली, घरातली पहिलीच पदवीधर. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी हायड्रोजनची सर्वांत खालची पातळी शून्य धरली आणि तिच्या वरच्या पातळीला मात्र फळ्यावर लिहिलं पाठ केलेलं उणे ३.४, जे अनंतावर शून्य धरलं तरच खरं.

"वा," सर म्हणाले, "तुझा इलेक्ट्रॉन वर चढता चढता खाली पडला."

शेजारचे परीक्षक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मला नापास केलं. वर्ष गेलं.

वडील गावाहून पेढे घेऊन आले होते. स्टाफरूममध्ये हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत एवढं कुणीच शिकलं नाही."

"गल्लीतून मोजलं तर फार उंच गेलीय. मी तिथून मोजत नाही. पेढे न्या परत."

वडिलांनी पेढे पुन्हा पिशवीत ठेवले.

मग वर्षभर कॉलेज सुटल्यावर सरांनीच मला बसवून शिकवलं. रागावून, टोमणे मारून, पण एक दिवस चुकवला नाही. पुढच्या खेपेला परीक्षक दुसरे होते. त्यांनी मला पास केलं. आज मी दादरला शिकवते, ती त्या वर्षाच्या जोरावर. नोकरी लागल्याचं सांगायला गेले तर सर म्हणाले, "बरं. कुठून मोजून?"

गेल्या वर्षी ते डिलाईल रोडच्या आपल्या खोलीत अंथरुणाला खिळले. इतक्या विद्यार्थ्यांपैकी भेटायला मी एकटीच जाई. एकदा डॉक्टर तपासून म्हणाले, "कालपेक्षा पुष्कळ बरे आहात, सर."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या तोंडी परीक्षेत पाहिलं होतं, तसंच.

"नको ना, सर."

"विचार."

मी डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही कालचा दिवस शून्य धरलात. निरोगी माणूस धरला तर?"

डॉक्टर स्टेथोस्कोप गुंडाळत राहिले.

"पास," सर मला म्हणाले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.