फादरांची चिठ्ठी

पंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. तेवीस वर्षं तिथलं स्टोअर सांभाळलं. मुलीने ती लॅपटॉपवर रेझ्युमेच्या पाच ओळींत बसवली. जन्मतारीख उडवली, दहावीचं सालही उडवलं. मी चिडलो. जन्मभर खरं बोललो आणि आता वय लपवायचं?

"खोटं कुठे लिहिलंय, डॅडी? विचारलं तर सांगा. पण आधी दारातून आत तर जा."

बरोबरच होतं तिचं. जन्मतारखेसकट पाठवलेल्या ढीगभर अर्जांना साधी पोचही आली नव्हती. या रेझ्युमेवर मात्र पंधरा दिवसांत माणिकपूरच्या एका ऑफिसातून बोलावणं आलं.

पण माझा त्या कागदावर भरवसा बसेना. आमच्या वटारात, म्हणजे आळीत, पूर्वी नोकरीला जायचं ते फादरांची चिठ्ठी घेऊनच. माझ्या वडिलांना तशीच नोकरी लागली होती. मीही रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांकडे गेलो. ते नवीन आलेले, मला फारसे ओळखत नव्हते. चर्चचं रजिस्टर काढून त्यांनी मन लावून चिठ्ठी लिहिली. मी ती न वाचताच पाकिटात ठेवली. फादरांनी लिहिलेलं तपासायचं नसतं, ही शिस्त लहानपणापासूनची. मुलीला काही सांगितलं नाही, ती हसली असती.

मुलाखत छान चालली होती. समोरचा साहेब माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. माल कसा लावता, चोरी कशी पकडता, सगळं त्याने विचारलं. मला चेव चढला. सोमवारपासून जमेल का सर, असंही त्याने मला विचारलं. आणि मी अतिशहाण्याने पाकीट पुढे केलं.

पहिल्याच ओळीत माझ्या जन्माचं आणि बाप्तिस्म्याचं साल होतं. त्याने मनात आकडेमोड केलेली मला दिसली. मग त्याचा आवाज मऊ झाला. पंचेचाळीसच्या पुढचं माणूस घ्यायचं नाही, असं वरून ठरलेलं होतं. चिठ्ठीची नीट घडी घालून त्याने परत दिली.

"जपून ठेवा, काका."

घरी मुलगी वाटच बघत होती. रेझ्युमेत काय चुकलं, असं तिने विचारलं. चिठ्ठीचं सांगायची मला लाज वाटली. काय माहीत, म्हणालो. ती पुन्हा लॅपटॉप उघडून बसली. या वेळी तिने तेवीसची तेरा वर्षं केली, आणि मी चिडलो नाही.