पिवळ्या जळबाचं रक्त

वसमतच्या अलीकडल्या एका गावात जळबा राहायचा. हळदीचा हंगाम आला की हा गडी जो पिवळा व्हायचा, तो पार रोहिण्या लागेपर्यंत पिवळाच. उकडून वाळवलेली हळद पिंपात घालून घासावी लागते. पत्र्याला भोकं पाडलेलं भलं मोठं पिंप, मधून लोखंडी आख, दोन्ही बाजूंना दांडे. एका दांड्याला कायम जळबा. दुसऱ्या दांड्याचा गडी सारखा बदलायचा. जळबाच्या ताकदीपुढं टिकणारे चार जण गावात होते, पण त्याच्या बोलण्यापुढं टिकणारा एकही नव्हता.

पिंप फिरलं की भोकांतून पिवळा धुरळा उडायचा आणि जळबाच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, नखांत, पापण्यांत जाऊन बसायचा. बाबासाहेबांची जयंती नेमकी ह्याच दिवसांत. त्या दिवशी जळबा पांढरेशुभ्र कपडे घालून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असायचा. पण मिरवणूक पारापाशी पोचेपर्यंत घाम असा फुटायचा, की सदरा पाठीवरनं पिकल्या केळासारखा पिवळा. बायको पद्माबाई हंगामात त्याचं अंथरूण अंगणात टाकायची. म्हणायची, "वाकळ धुवून धुवून माझे हात गेले. पाऊस पडला की घरात या."

असा हा दांडगा गडी कशाला भ्यायचा न्हाई. साप शेपटीला धरून भिरकवायचा. पण सुई दिसली की संपलं. एकदा देवी टोचणारे गावात आले तर हा हळद उकडायच्या पालथ्या काहिलीखाली जाऊन बसला. टोचणारे गावभर हिंडून दमले आणि त्याच काहिलीवर टेकून चहा प्यायला लागले. आत जळबाच्या नाकात हळद गेली आणि तो शिंकला. लोखंडाची काहील ती, अशी घुमली की वरचे दोघं कपबशी टाकून मारुतीच्या देवळाकडं पळाले. त्यातला एक म्हणे पुन्हा त्या गावाला आलाच नाही.

आता महेबूबचं सांगायला पाहिजे. महेबूब हा गावचा लोहार. जळबाच्या पिंपाचा आख, दांडे, खिळे सगळं त्याच्या हातचं. पिंप कुरकुरलं की जळबा महेबूबच्या भात्यापाशी जाऊन बसायचा, आणि पिंप दुरुस्त झालं तरी उठायचा न्हाई. ह्यानं सांगायचं आणि त्यानं हसायचं, असा दोघांचा सौदा होता. महेबूबचं हसणं सुरू झालं की घण हातातून खाली ठेवावा लागे. जळबाची गोष्ट महेबूबनं ऐकून हसल्याशिवाय ती घडली असं जळबाला वाटतच नसे.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. ऐन हंगामात एक दिवस सकाळी महेबूबचा धाकटा भाऊ चाँद पाशा पळत पिंपापाशी आला. म्हणाला, "जळबाभाऊ, दादानं रक्ताची उलटी केली. वसमतला दवाखान्यात घातलंय. डॉक्टर म्हनतेत, पोटात जखम हाय, आजच कापावं लागल."

जळबानं दांडा सोडला तसा तो निघाला. तोंड धुतलं न्हाई, सदरा झटकला न्हाई. एसटीत कंडक्टरनं त्याला मागच्या बाकावर एकट्याला बसवलं आणि वसमतला उतरेपर्यंत ते बाकही पिवळं झालं.

दवाखाना मोंढ्याच्या, धान्याच्या बाजाराच्या, अंगाला होता. दारात महेबूबची आई, खतीजाबी, पदर कमरेला खोचून उभी. आत महेबूब कागदासारखा पांढरा पडलेला. तरी जळबाला बघून त्याचे ओठ हलले, "आला का हळकुंड."

"बोलू नको तू," जळबा म्हणाला, आणि पुढं काय बोलावं ते त्याला सुचेना. असं त्याच्या जन्मात पहिल्यांदा झालं.

डॉक्टर नवे होते, कोकणातले. हुशार आणि मनानं चांगले, पण हळदीच्या मुलखात नुकतेच आलेले. त्यांनी बाहेर येऊन सरळ सांगितलं, "ह्याच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. एक बाटली रक्त मिळालं तर मी ऑपरेशन करतो. ते नसेल तर हात लावता येणार नाही. नांदेडपर्यंतचे धक्के त्याला सोसणार नाहीत. संध्याकाळच्या आत काय ते करा."

कंपाउंडर शेषराव काचपट्ट्या घेऊन बसला. महेबूबचा रक्तगट निघाला 'बी'. चाँद पाशानं ऐटीत बोट पुढं केलं. सख्खा भाऊच तो, त्याचं जमणारच. शेषरावनं थेंब बघितला आणि मान हलवली. "ए निघाला. जमत न्हाई."

खतीजाबी उसळली. "जमत न्हाई म्हंजे? दोघं एका पोटचे! एकाच चुलीवरचं खाल्लंय दोघांनी! तुमची काच फुटकी हाय, दुसरी आना!"

"चाची, काच बराबर हाय," शेषराव म्हणाला. "असं बघा, दोन गाड्या एकाच सुतारानं केल्या तरी एकीचं चाक दुसरीच्या आखात बसंलच असं न्हाई. जबरदस्तीनं घातलं तर गाडी मोडती."

लोहाराच्या आईला हे लगेच पटलं. पण राग कुठंतरी काढायचा होता. ती चाँद पाशाकडं वळली. "ए म्हंजे पयला नंबर ना? शाळेत कधी आला न्हाईस पयला, आन् आज कामाच्या वक्ताला आला!"

मग तिनं स्वतःचा हात पुढं केला. शेषरावनं तिच्या काटकुळ्या दंडाकडं बघितलं आणि हात जोडले. "चाची, तुमचंच घेतलं तर तुमाला कुनाचं द्यायचं?"

आता तिची नजर जळबाला शोधू लागली. जळबा जाग्यावर नव्हता. शेषरावनं पहिल्या वेळी सुई काढली तेव्हाच तो बाहेरच्या कडुलिंबामागं जाऊन उभा राहिला होता. कडुलिंब बारीक आणि जळबा रुंद, त्यामुळं दोन्ही बाजूंनी पिवळा दिसत होता.

"जळब्या!" खतीजाबी गरजली. "इकडं ये."

"चाची, मी काय म्हनतो, शीर फोडायच्या ऐवजी दुसरं काही..."

"महेबूब मरून राहिला तिकडं."

एवढंच म्हणाली ती. जळबा झाडामागून निघाला, शेषरावसमोर बसला, डोळे गच्च मिटले आणि बोट पुढं करून मोठमोठ्यानं बुद्धवंदना म्हणायला लागला. शेषराव म्हणाला, "झालं." जळबा म्हणाला, "अजून टोचलंच न्हाई की." शेषराव म्हणाला, "टोचून, थेंब घेऊन, तपासूनबी झालं. बी. तंतोतंत बी. दोघांचं एकत्र करून बघितलं, एक गुठळी न्हाई."

जळबा उडालाच. "बघा! बघा! सख्खा भाऊ जमत न्हाई आन् मी जमतो! अरे चाँद्या, हो बाजूला, माझ्या दोस्ताला माझंच चाक बसतंय!" सुईची भीती आनंदात कुठं गेली कुणास ठाऊक. तसाच बाह्या सरसावत तो डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. तळहात पिवळे. नखं पिवळी. डोळ्यांच्या कडा पिवळ्या. "अरे, ह्याला तर कावीळ आहे! इतकी भयंकर कावीळ मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाही. हा उभा कसा आहे?"

सगळे हसले. शेषराव म्हणाला, "साहेब, ही हळद हाय. ह्या दिवसांत अर्धा तालुका असाच असतो."

डॉक्टर हसले न्हाईत. "हळद असेल. पण हळदीच्या खाली कावीळ असली तर ती मला दिसणार कशी? काविळीचं रक्त त्या आजारी माणसाला दिलं तर मीच त्याला मारलं असं होईल. ह्याचा मूळ रंग दाखवा, मगच सुई लावीन."

हसणं थांबलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि जळबाचा मूळ रंग कुणालाच नक्की आठवेना.

दवाखान्यामागच्या नळाखाली जळबाला बसवलं. खतीजाबीनं धुण्याचा साबण आणि सोडा मागवला आणि चाँद पाशाच्या हाती काथ्या दिला. ज्या बाईचा सगळा जन्म हळदीच्या गावात गेला, जिनं हळदीच्या डागाला साबण लावू नका म्हणून शंभर सुनांना ओरडून सांगितलं, तीच बाई त्या दिवशी सगळं विसरली. फसाफसा फेस झाला. वरून पाणी ओतलं. आणि फेसाखालून जळबा निघाला तो लालभडक! हळदीला सोडा लागला की तिचं कुंकू होतं, ते काय जळबाच्या अंगावर होणार न्हाई? कपाळापासून बेंबीपर्यंत लाल. नळावर भांडी घासणाऱ्या बाया हातातलं टाकून हसत खाली बसल्या.

डॉक्टरांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "आता काय झालं?"

"काही न्हाई साहेब," शेषराव म्हणाला, "पिवळा गेला."

चाँद पाशा पळत जाऊन सरबतवाल्याची अर्धी टोपली लिंबं घेऊन आला. लिंबू चोळलं. लाल गेलं, आणि पिवळा परत आला, पहिल्यापेक्षा चकचकीत. जळबा ओरडला, "अरे, मानूस हाय का रांगोळी हाय मी! लवकर करा, तिकडं महेबूब वाट बघून राहिला!"

खतीजाबी मटकन पायरीवर बसली. तिचे डोळे भरून आले. "म्या काहून साबन लावला रे... मलाच ठावं हाय ना की..." ऊन उतरायला लागलं होतं. तिला तसं बघून जळबाचं ओरडणं बंद झालं. तो तसाच ओला, लिंबाच्या बिया मिशीत घेऊन तिच्यापुढं उकिडवा बसला. "चाची, तुमी रडू नका. कातडं काढावं लागलं तर काढू. पन तेल लावून बघितलं का?"

मग शेषरावनं बाजूच्या दुकानातून करडीचं तेल आणि बेसन आणलं. सगळं अंग धुवायला वेळ नव्हता. एक अर्धं तोंड आणि एक हात, एवढंच ठरलं. तेल चोळलं, बेसनानं पुसलं, पुन्हा तेल, पुन्हा बेसन. डोळ्यांत कोमट पाण्याच्या धारा सोडल्या. हळूहळू हळदीखालून एक काळासावळा, तुकतुकीत गाल वर आला. नळावरची एक बाई म्हणाली, "अगंबाई, देखना हाय की!"

डॉक्टरांनी त्याला उजेडात नेलं. पापण्या ताणल्या. बुबुळाभोवती कसं स्वच्छ, कवडीसारखं पांढरं. जीभ वर करायला लावली, तिच्याखाली लालगुलाबी. नखं दाबून बघितली. मग म्हणाले, "निरोगी आहे. चला, झोपवा."

बाकावर झोपल्यावर मात्र जळबाला सुई आठवली. ही सुई सुताराच्या भोकं पाडायच्या सामत्याएवढी वाटली त्याला. शेषरावनं दंडाला रबर बांधलं, हातात लाकडी दांडकं दिलं आणि म्हणाला, "दाबायचं, सोडायचं. आन् बोलत राहा, म्हंजे सुईकडं ध्यान जात न्हाई."

बोलत राहा! असं जळबाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो जो सुटला! काहील शिंकल्याचं सांगितलं, टोचणाऱ्यांचं सांगितलं, कंडक्टरचं सांगितलं. डॉक्टर तोंडाला फडकं बांधून आत तयारी करत होते, त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मधेच जळबानं हळूच विचारलं, "शेषराव, खरं सांगा. लाल हाय ना ते? मला लई भ्या वाटून राहिलं होतं, हळदीसारखं निघंल म्हनून."

शेषरावनं काचेची बाटली उचलून दाखवली. अर्ध्याच्या वर भरली होती. जळबानं ती डोळे भरून बघितली. "वा! काय रंग हाय! जास्वंदावानी. चाची, बघून घ्या, पूर्ण आत जायच्या आधी बघून घ्या!"

बाटली महेबूबच्या खाटेशी टांगली, आणि मग त्याला आत नेलं. दार बंद झालं. जळबाला चहा आणि दोन उकडलेली अंडी दिली होती, ती हातातच राहिली. खतीजाबीच्या हातात जपाची तसबी फिरत होती. चाँद पाशा भिंतीला टेकून उभा होता.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. फडकं काढलं. "वाचला," ते म्हणाले. "जखम शिवली. उद्या बोलेल."

खतीजाबीनं आधी डॉक्टरांवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, मग जळबावरून, आणि मग एकदम ओरडली, "आरे अंडी खा की मुडद्या, थंड झाली!"

दुसऱ्या दिवशी महेबूब शुद्धीवर आला. डॉक्टरांनी एकच ताकीद दिली, "खोकू द्यायचं नाही आणि हसू द्यायचं नाही. टाके ताजे आहेत." नेमका तेवढ्यात जळबा दारात आला. अर्धं तोंड सावळं, अर्धं पिवळं, कानापाशी कुंकवाचा पट्टा. महेबूबनं बघितलं. तोंड दाबलं. खाट हलायला लागली. "आई गं... काढा ह्याला... मारतोय मला..."

खतीजाबीनं हातातली वहाण उगारून जळबाला अंगणापार पळवला. त्या दिवसापासून ती दारातच ठाण मांडून बसली. जळबाला आत बंदी.

आणि जळबाची अवस्था काय सांगावी! जन्मातली सगळ्यात भारी गोष्ट पोटात, अन् ती ज्याला सांगायची तो भिंतीपलीकडं. रोज यायचा. कडुलिंबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, पण सांगून समाधान होत नसे. साबणापर्यंत आला की आवाज आपोआप चढायचा, आणि आतून क्षीण हाक यायची, "अम्मी, खिडकी लाव गं, त्यो साबनापाशी आला!"

शेवटी टाके निघाले. महेबूब चाँद पाशाच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू बाहेर आला, कडुलिंबाखाली जळबाच्या शेजारी बसला, पोट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाला, "हं. आता सांग. काही गाळू नको."

जळबानं खाकरून घसा साफ केला. "तर त्या दिवशी मी काय तसा भ्यालो नव्हतो बरं का," त्यानं सुरुवात केली, आणि पहिल्याच वाक्याला महेबूब मान मागं टाकून हसायला लागला.