बिस्किटाऐवजी द्राक्षं

कुत्र्याला आता नीट सांभाळायचं, असं मी यंदा जानेवारीत ठरवलं. इतकी वर्षं नुसतं पोसलं होतं. पोट जमिनीला टेकायला आलेलं, आणि इंदिरानगरात आमच्या शेजारच्या काकू त्याला बघून तोंडाला पदर लावून हसायच्या. डोक्यात तिडीक जायची, पण बोलणार काय? म्हणून ठरवलं, रोज सकाळी फिरवायचं, ग्लुकोजची बिस्किटं बंद, आणि "बस" म्हटलं की बसायला शिकवायचं. नवरा सातपूरला कंपनीत. फर्स्ट शिफ्टला निघताना म्हणाला, "आधी स्वतःचं बीपी सांभाळ." म्हटलं, तू तुझं बघ.

बिस्किटाऐवजी काय द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. दिंडोरीकडे माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. एक्सपोर्टला बारीक पडलेला माल दर सीझनला आमच्याकडे येतो, कॉलनीत वाटूनही संपत नाही. आजाऱ्याला भेटायला जातानाही आम्ही द्राक्षंच नेतो, मग कुत्र्याला काय होणार? मी मुठीत एक मणी धरायची आणि "बस" म्हणायची. पंधरवड्यात गडी शिकला. मूठ दिसली की बसलाच. मला कोण अभिमान! फोनवर भावाला तेच ऐकवायची. मग एका रविवारी तो क्रेट घेऊन स्वतःच बघायला आला. त्या दिवशी कौतुकाच्या भरात आम्ही दोघांनी मिळून त्याला वाटीभर द्राक्षं चारली.

संध्याकाळपासून उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी जेवला नाही, मग लघवीही होईना. भावाला परत बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी खाण्याचं विचारलं, तर मी तोऱ्यात सांगितलं, "अरबट चरबट काही देत नाही, बिस्किटंसुद्धा बंद केलीत. द्राक्षं देते." त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या जातात.

भाऊ भांडायलाच उठला. "आमच्या बागेतली कुत्री खातात ना रोज खाली पडलेले मणी, त्यांना काय होत नाय."

"काहींना चालतात, काहींना थोडीही बाधतात," बाई म्हणाल्या. "आधी कळत नाही."

मला भावाचा राग आला, बाईंचा आला, आणि स्वतःच्या तर मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. सलाईनवर सलाईन चढत राहिली. वजन उतरवायचं ठरवलं होतं, ते तेवढं उतरलं. पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

शेवटच्या दिवशी त्याला मानही उचलवत नव्हती. मी गोळी मुठीत घेऊन त्याच्याजवळ फरशीवर बसले. त्याने मूठ बघितली आणि धडपडायला लागला. पुढचे पाय टेकवायचा, ते घसरायचे, परत टेकवायचा. आधी मला कळेचना हा काय करतोय. तो बसायला बघत होता.

"राहू दे रे बाळा, राहू दे," मी म्हणत राहिले. पण ते मी त्याला शिकवलंच नव्हतं.